तक्क्यानं मशीन उघडलं

६ फेब्रुवारी

ताई,

वाकून नमस्कार करणार होतो, पण मध्ये पोट येतं. बसल्या जागेवरूनच स्वीकार.

पत्र लिहायला बसलो की तुझी वहिनी हसते. म्हणते, साऱ्या जगाला फोन चालतो, तुमच्या ताईंनाच टपाल लागतं. मी म्हटलं, जिनं सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे आवाज कानाला लावून काढली, तिच्या कानांनी निवृत्ती घेतली तर बिघडलं कुठे? घरात फोन ठेवणार नाही म्हणाली, नाही ठेवला. पण ताई, आज मात्र वाटलं की तुझ्याकडे तो असता तर बरं झालं असतं.

कालच्या पेपरात बातमी आहे. आपण दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेलं ते झोपेचं मशीन, झोपेत श्वास अडू नये म्हणून नाकाला मास्क लावून रात्रभर हवा सोडणारं, ते कंपनीनं परत बोलावलंय. का, तर मोटरचा आवाज दाबायला त्यांनी आत फोम घातलाय आणि काही वर्षांनी त्या फोमचा भुगा सुटायला लागतो. तो भुगा हवेबरोबर नळीतून थेट आपल्या छातीत! वहिनीनं पेपर हातातून काढून घेतला आणि मला पाणी दिलं.

मग थोड्या वेळानं मला हसू फुटलं. अगं, फोम! ज्या माणसाच्या दुकानात छतापर्यंत फोम रचलाय, जो तुकडा मुठीत दाबून त्याचं वय सांगतो, त्याच्याच नाकाशी कंपनीनं सडका फोम लावावा? गाद्या आणि सोफे शिवून माझे केस पांढरे झाले. मला विचारलं असतं तर सांगितलं नसतं का की हा माल गरम, दमट हवेत टिकायचा नाही म्हणून!

मी कालपासून मशीन बंद केलंय. तूही बंद कर, आजपासूनच. काळजी करू नकोस, माझ्या डोक्यात एक कल्पना घोळतेय. ती जमली तर तुझंही काम करून देईन.

तुझा,
तक्क्या

१० फेब्रुवारी

तक्क्या,

तुझ्या डोक्यात कल्पना घोळायला लागली की मला घाम फुटतो. मागच्या वेळी घोळली तेव्हा तू शेजाऱ्यांच्या आरामखुर्चीला जास्तीची स्प्रिंग बसवली होतीस आणि ते गृहस्थ महिनाभर कमरेला पट्टा लावून फिरत होते.

मशीन बंद केलंस? कुणाला विचारून? पेपरवाल्याला? अरे, ते वापरण्यात धोका असेल, पण न वापरण्यातही धोका आहे म्हणूनच तर ते तुझ्या उशाशी आलं ना? त्यातला कुठला धोका मोठा, हे तुझा डॉक्टर ठरवेल. तू नाही आणि मीही नाही.

बाबा झोपेत गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, किती शांत मरण आलं. शांत कसलं डोंबलाचं! ते कसे झोपायचे हे आपल्या दोघांना माहीत आहे. आखूड मान आणि घोरणं, एवढंच त्यांनी मागे ठेवलं आणि तेही आपण दोघांनी सारखं वाटून घेतलं. त्यांच्या काळी हे मशीन नव्हतं. तुझ्याकडे आहे, आणि तू ते पेपर वाचून बंद करतोस. मला तुझ्याबद्दल तसली बातमी ऐकायची नाही. मी मोठी आहे, क्रम मोडू नकोस.

दुसरी गोष्ट. बातमीत सगळीच मशीनं म्हटलंय की ठरावीक नंबरांची? मला खात्री आहे की तू मथळा वाचलास आणि पान उलटलंस. ते पान परत शोध, आणि पान नाही, मशीन उलटं कर. तळाशी नंबर चिकटवलेला असतो. तो बघ, लिहून घे, डॉक्टरांना दाखव.

माझी काळजी करू नकोस. मी मशीन कशी ठेवते ते तू बघितलंयस. तू मास्क महिन्यातून एकदा शर्टाला पुसतोस. माझं सगळं दर रविवारी ओझोन वायूनं जंतू मारणाऱ्या पेटीत जातं आणि नव्या कोऱ्या भांड्यासारखं बाहेर येतं. हल्ली सकाळी डोकं जड असतं आणि घशात खवखवतं, पण ते वरच्या मजल्यावर भिंती खरवडायचं काम चाललंय, त्याची धूळ. खिडक्या लावून बसते, काय करणार!

उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा आणि काय म्हणाले ते शब्दन् शब्द कळव. वहिनीला माझे आशीर्वाद. ती तुला सांभाळते म्हणून तू आहेस.

ताई

१६ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं, कान लाल झाले. पण आता रागावू नकोस, सगळं मार्गी लागलंय. मशीन परत सुरू केलंय. म्हणजे तुझी आज्ञा पाळली की नाही? डॉक्टरांचं म्हणशील तर तेही झाल्यातच जमा आहे.

नंबराचं काय घेऊन बसलीस? दुकान एक, दिवस एक, गिऱ्हाईकं सख्खी भावंडं. वेगळं काय असणार?

एक आनंदाची गोष्ट सांगतो. मशीन पूर्वी रात्रभर फुसफुसायचं ना, आता आवाजच येत नाही. चालू आहे की बंद हे बघायला कान लावावा लागतो. तुझंही तसंच करून हवं असेल तर पार्सलनं पाठवून दे, आठ दिवसांत परत करतो. कसं ते विचारू नकोस. भाऊ कशाला असतो?

सध्या एका हॉटेलच्या सोफ्यांची मोठी ऑर्डर घेतलीय. दिवसभर स्टेपल गन हातात. दुपारी जरा डुलकी लागते, पण ती दमणूक आहे. उरलेलं सगळं पुढच्या पत्रात, कारागीर हाका मारताहेत.

तुझा,
तक्क्या

१९ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

हे पत्र मी यांना न सांगता लिहितेय. तुम्हाला वाटेल वहिनी चुगली करतेय. तसं वाटलं तरी चालेल.

यांनी मशीन उघडलं. दुकानात कापडाच्या कात्रणांखाली एका बशीत मला स्क्रू सापडले, तेव्हा कळलं. आतला फोम यांनी उचकटून फेकून दिला आणि हॉटेलच्या सोफ्यांसाठी आणलेल्या फोममधला तुकडा कापून, सोल्यूशनने चिकटवून बसवला. मी बोलले तर मलाच सांगतात, कंपनीपेक्षा भारी माल आहे, यावर मोठमोठे साहेब बसणार आहेत. मी म्हटलं, बसणार आहेत, हुंगणार नाहीत.

ताई, मास्क लावला की सोल्यूशनचा वास येतो. पहिल्या दिवशी तर मला माझ्या उशीपर्यंत आला. मशीनचा आवाज येत नाही म्हणून हे खूश आहेत, पण मला वाटतं आवाज येत नाही कारण हवाच धड येत नाही. श्वास पुन्हा पूर्वीसारखा अडतो. मी कोपरानं ढोसते, मग एकदम हुंदका दिल्यासारखा सुरू होतो. सकाळी यांना काही आठवत नाही. विचारलं तर म्हणतात, मस्त झोप झाली.

परवा दुपारी स्टेपल मारता मारता यांचा डोळा लागला आणि स्वतःच्या शर्टाची बाही सोफ्याला ठोकून बसले. उठता येईना. कारागीर पोट धरून हसले. मीही हसले. मग आत जाऊन रडले. बाहीच्या जागी बोट असतं तर?

डॉक्टरांकडे हे गेलेले नाहीत. ऑर्डर झाली की जाईन म्हणतात. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात असंही नाही, पण तुम्हाला घाबरतात. काहीतरी करा.

तुमची वहिनी

२५ फेब्रुवारी

ताई,

तू फोन केलास याच्यावर दुकानात अजून कुणाचा विश्वास बसत नाही. मी नेहमीप्रमाणे उचलून 'बोला, गाद्या-सोफे' म्हणालो आणि पलीकडून तुझा तो नोकरीतला आवाज आला, 'ठेवू नका, बोलणं चालू आहे.' त्यानंतर बोलणं एकाच बाजूनं चालू होतं. औषधाच्या दुकानातून बोलत होतीस ना? तिथल्या गिऱ्हाइकांनाही माझी कीर्ती कळली असेल. इकडे तर रस्त्यापलीकडच्या न्हाव्यापर्यंत ऐकू गेलं म्हणे.

इतकं सगळं बोललीस त्याचं मला काही वाटलं नाही, सवय आहे. पण शेवटी तू नुसतं 'जा रे' म्हणालीस. आवाज कसा तरीच झाला होता. मी स्टेपल गन खाली ठेवली आणि तसाच उठलो. वहिनी दारात चपला घालून उभीच होती.

आता शब्दन् शब्द ऐक.

डॉक्टरबाईंसमोर मी मशीन ठेवलं. त्यांनी झाकण काढलं, माझी कारागिरी बघितली, वास घेतला आणि उठून खिडकी उघडली. मग म्हणाल्या, 'तुम्ही फार चांगले कारागीर दिसता. पण हा फोम बसायला केलाय. यात आग लागू नये म्हणून रसायनं घालतात, वरून तुम्ही चिकटवायला सोल्यूशन लावलंत, आणि रात्रभर त्यातून येणारी हवा ओढत राहिलात. शिवाय तुकडा इतका घट्ट बसवलाय की अर्धी हवा आतच अडतेय.' म्हणजे तुझ्या वहिनीनं म्हटलं तेच. ती शेजारी बसली होती, पण माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थोर बाई.

'कंपनीनं मशीन परत बोलावलं तर ते घरी उघडायचं नाही, आतलं काही काढायचं नाही, आणि आम्हाला विचारल्याशिवाय बंदही करायचं नाही,' डॉक्टरबाई म्हणाल्या. मी मान डोलावली. मी नेमकी हीच तिन्ही कामं केली होती, आणि तीही उत्साहानं.

मग त्यांनी मशीन उलटं केलं. तळाचा नंबर कॉम्प्युटरवर कंपनीच्या पानावर घातला. आणि हसल्या. मी म्हटलं, काय झालं? म्हणाल्या, 'तुमचं मशीन यादीत नाहीच.'

ताई, कळलं का? माझं मशीन नंतरच्या मालातलं निघालं. त्यात वेगळ्याच जातीचा फोम होता, त्याचा भुगा होत नाही. त्या धडधाकट फोमला मी कचऱ्यात टाकलं आणि त्याच्या जागी हॉटेलचा सोफा बसवला. तिथल्या तिथे मी कपाळावर हात मारून घेतला. वहिनी मात्र आता हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते सगळंच हसण्याचं पाणी नव्हतं, हे मला दिसलं.

छाती तपासली, साफ आहे. दवाखान्यानं उसनं मशीन दिलंय, दाब नीट लावून. माझं कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेलं. तिथल्या बाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, आतापर्यंत मशीनमध्ये झुरळं निघाली, पण सोफा पहिल्यांदाच. काल झोपलो आणि सकाळी उठलो तेव्हा डोकं इतकं हलकं होतं की मला ते दुसऱ्याचं वाटलं. दुपारी डुलकी नाही. बाही मोकळी.

आता खरी गोष्ट. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, दोन्ही मशीनं एकाच दिवशी घेतली होती. त्या एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, 'दुकानात जुना आणि नवा माल शेजारी शेजारी असतो. दिवसावर जाऊ नका. ताईंचा नंबर बघितला का?' मग विचारलं, ताई मशीन कशानं साफ करतात? मी आपला मोठ्या अभिमानानं सांगितलं, दर रविवारी, ओझोनच्या पेटीत. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ओझोननं तो जुना फोम आणखी लवकर सुटतो म्हणाल्या. मास्क आणि नळी साध्या साबणाच्या पाण्यानं धुवायची, तेवढं पुरे.

ताई, तू लिहिलं होतंस, सकाळी डोकं जड असतं आणि घसा खवखवतो. ते मी त्यांना सांगितलं नाही, कारण मला तेव्हा आठवलंच नाही. घरी येऊन तुझं पत्र परत वाचलं तेव्हा दिसलं.

मशीन उलटं कर. हे पत्र खाली ठेव आणि आत्ता कर.

तक्क्या

२८ फेब्रुवारी

तक्क्या,

केलं. नंबर यादीत आहे. औषधवाल्यांनी कंपनीच्या पानावर दोनदा घालून बघितला.

नळी पांढऱ्या रुमालावर झटकली. मिऱ्याची पूड सांडावी तसे काळे कण पडले.

इतके रविवार मी त्याला तान्ह्या बाळासारखं न्हाऊमाखू घालत होते. तुला नंबर बघ, नंबर बघ म्हणून ओरडत होते, आणि माझं मशीन उलटं करावं असं एकदाही मनात आलं नाही. स्वच्छ वस्तूला काय होणार, असं वाटत होतं. कंपनीची सूचना जुन्या घराच्या पत्त्यावर गेली असणार. घर बदललं तेव्हा बँकेला कळवलं, गॅसवाल्याला कळवलं, पेपरवाल्यालाही कळवलं. मशीनवाल्यांनाही नवा पत्ता कळवायचा असतो हे कुणाला सुचतं?

औषधवाल्यांच्याच फोनवरून दवाखान्यात विचारलं. उद्या सकाळी बोलावलंय. तोपर्यंत तुमच्या बाबतीत बंद ठेवलेलं बरं, पाठीवर झोपू नका, कुशीवर झोपा, डोक्याखाली उंच घ्या आणि शक्य असेल तर घरात कुणीतरी सोबत असू द्या, असं डॉक्टर म्हणाले. पहिल्या तीन गोष्टी जमतील.

तुझा श्वास अडला तर वहिनी कोपरानं ढोसते. मी तुला भरपूर चिडवते, पण त्या कोपराचा मला आज हेवा वाटतोय. मला भीती वाटते रे. नोकरीत कितीतरी लोकांना मी म्हटलं असेल, घाबरू नका, लाइन जोडून देते. आज मलाच कुणीतरी तसं म्हणावंसं वाटतंय.

उपदेश करू नकोस. हसूही नकोस. सगळं नीट झालं की मग हस.

ताई

२ मार्च

ताई,

हसलो नाही.

माझं उसनं मशीन पिशवीत घालून तुझ्याकडे आणणार होतो. वहिनी म्हणाली, आधी विचारा. विचारलं. (बघ, सुधारलो.) डॉक्टरबाई ओरडल्याच. हवेचा दाब चष्म्याच्या नंबरासारखा ज्याचा त्याचा वेगळा असतो, एकाचं मशीन दुसऱ्याच्या नाकाला लावायचं नाही. मग मी विचारलं, ताईला इथे आणलं तर? तिचे जुने रिपोर्ट घेऊन आणा, म्हणाल्या. तिच्या दाबाचं उसनं मशीन इथे मिळेल, नवं येईपर्यंत.

तेव्हा मीच येतोय. हे पत्र कुरियरनं धाडतोय, तरी बहुतेक याच्याआधी मी दारात असेन. तसं झालं तर आलेलं पत्र माझ्यासमोर वाचू नकोस, मला लाजल्यासारखं होईल.

बॅग भरून ठेव. सगळे रिपोर्ट घे, तुझ्या डॉक्टरांनी आता काय सांगितलं तेही लिहून घे. मशीन रागानं फेकून देऊ नकोस, ते कंपनीला परत द्यावं लागतं, तेव्हाच बदली मिळते. आणि मशीन उघडू तर मुळीच नकोस. हे तुला मी सांगतोय यावर तुझी वहिनी खो खो हसतेय. मी येईपर्यंत शेजारच्या बाईंना तुझ्याकडे झोपायला बोलाव. मागायला लाजू नकोस, तू त्यांच्या घरची अर्धी दुखणी काढलीयस.

हॉटेलवाल्यांना सांगितलं, सोफे थांबतील. साहेब लोक आठवडाभर उभे राहतील.

क्रम मोडू नकोस म्हणालीस. क्रमबिम काही नाही. कुणीच जायचं नाही.

तक्क्या

२ एप्रिल

तक्क्या,

सुखरूप पोचले. तू गाडीत डब्यांवर डबे दिलेस, ते शेजारी वाटून संपवले.

तुमच्याकडे राहून घराची सवय मोडली. दार उघडलं तर वाटलं, इतकं शांत कसं? मग लक्षात आलं की शांत नाही, तू नाहीस. वरच्या मजल्यावरचं काम कधीच आटपलं म्हणे. त्या बिचाऱ्या गवंड्यांना मी उगाच शिव्या घातल्या. खवखव त्यांची नव्हतीच. तुमच्याकडे आल्यावर आठवड्याभरात घसा मोकळा झाला तेव्हाच ते कळलं.

आज इथल्या डॉक्टरांना दाखवून आले. छातीचा फोटो त्यांनी उजेडासमोर धरला, वरून खाली बघितला आणि म्हणाले, 'काही नाही. साफ.' मी म्हटलं, पुन्हा बघा. त्यांनी पुन्हा बघितला. पुन्हा साफ. तक्क्या, मी दवाखान्यातून बाहेर पडले आणि समोरच्या बाकावर नुसती बसून राहिले. जिवात जीव येणं म्हणजे काय ते आज कळलं. येणारे जाणारे विचारत होते, काही होतंय का? मी म्हटलं, नाही हो, काही होत नाहीये, म्हणूनच बसलेय.

नवं मशीन आलंय. जुनं कंपनीच्या माणसाच्या हातात दिलं, पावती घेतली, नवा पत्ता त्याच्यासमोर लिहून घ्यायला लावला आणि वाचून दाखव म्हटलं. नव्याचा नंबर यादीत नाही, हे त्याच्याकडून आणि नंतर औषधवाल्यांकडून, दोघांकडून खात्री करून घेतली. महिन्या-दोन महिन्यांनी नळी रुमालावर झटकून बघायची, फिल्टर वेळच्या वेळी बदलायचा, काही वेगळं वाटलं तर डॉक्टर आणि कंपनी दोघांना कळवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ओझोनच्या पेटीत मी कांदे भरून ठेवलेत. पेटी चांगली आहे.

पण पत्र लिहायला बसले ते हे सांगायला नाही. तिथे असताना बोलायचं होतं, पण समोरासमोर आपल्याला चिडवण्यापलीकडे काही येत नाही. लिहिताना बरं पडतं.

तुला आठवतं का, लहानपणी आपण बाबांच्या खोलीत झोपायचो. घोरता घोरता त्यांचा श्वास मध्येच थांबायचा. मग आपण दोघंही आपापला श्वास धरून ठेवायचो, त्यांचा परत सुरू होईपर्यंत. सुरू झाला की तू खुदकन हसायचास. तुला तो खेळ वाटायचा. तू लहान होतास. मला तो खेळ वाटायचा नाही. मला वाटायचं, आपण धरून ठेवला नाही तर त्यांचा सुटेल. ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी मी मावशीकडे होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवून तू मशीन लावून आडवा झालास. मी आणि वहिनी बाहेरच्या खोलीत उशांच्या खोळींना बटणं लावत बसलो होतो. मधलं दार उघडं होतं. तुझं पोट वर जात होतं, खाली येत होतं. माझे हात बटणावर आणि कान आत. आता श्वास थांबेल, आता थांबेल, म्हणून मी वाट बघत होते. तो थांबेना. वर, खाली, वर, खाली, कंटाळा येईल इतका सारखा. किती वेळ गेला कोण जाणे. सुई हातात तशीच राहिली होती.

तेवढ्यात वहिनीनं माझ्या मनगटावर हात ठेवला. हळू आवाजात म्हणाली, 'ताई, तुम्ही श्वास घ्या आता. हे घेताहेत.'

ताई